दुबार नाव शोधणारी दोन बोटे

वारजे माळवाडीत भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या कुटुंबांत एक गोष्ट सर्रास आढळते. घरातल्या कर्त्या माणसाचे नाव गावच्या मतदारयादीत असते आणि इथल्याही यादीत असते. कोणी सोलापूरकडून आलेला, कोणी लातूर-नांदेडकडून. गावी नाव आईवडिलांच्या नावाखाली लागलेले होते. इथे आल्यावर कोणी कार्यकर्त्याने अर्ज भरून घेतला आणि इथेही नाव लागले. गावचे काढायचे राहून गेले. यात लबाडी नसते, पोटापाण्याची धावपळ असते. परंतु कायदा स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० याच्या कलम १७ प्रमाणे एका माणसाचे नाव एकापेक्षा जास्त मतदारसंघांत असता कामा नये, आणि कलम १८ प्रमाणे एकाच मतदारसंघात दोनदाही असता कामा नये.

२०२५ साली महाराष्ट्रात ‘दुबार मतदार’ हा शब्द घरोघरी पोहोचला. नगरपरिषदांच्या निवडणुका जाहीर करताना राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर महिन्यात सांगितले, की ज्यांची नावे दोनदा असल्याची शक्यता वाटते त्यांच्या नावापुढे यादीत दोन तारे छापले जातील. मग स्थानिक अधिकारी नाव, लिंग, पत्ता आणि फोटो पडताळून पाहतील. माणूस एकच निघाला तर कोणत्या केंद्रावर मत देणार हे त्याला विचारले जाईल. उत्तर आले नाही तर मतदानाच्या दिवशी हमीपत्र घेतले जाईल. आता प्रश्न असा, की आपल्या नावापुढे तारे कोण छापतो? माणूस छापत नाही. लाखो नावे माणसाने वाचून जुळवायची म्हटली तर निवडणूक होऊन जाईल. हे काम संगणक करतो. आणि संगणक ज्या युक्तीने हे करू शकतो ती इतकी सोपी आहे, की आठवीतल्या मुलाला वहीवर करून पाहता येते. ती समजली म्हणजे ती कुठे चुकते हेही समजते, आणि आपल्याला गरज आहे ती त्याचीच. वाचकांनी म्हणूनच पुढचा हिशेब कंटाळा न करता वाचावा.

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या पुस्तकांत हा प्रश्न असा येतो : क्रमाने लावलेल्या दोन याद्या दिल्या आहेत, त्यांत एखादी तरी गोष्ट समाईक आहे का? संगणकाच्या नोकरीच्या मुलाखतीत हाच प्रश्न उलटसुलट करून विचारतात. आपली मुले तो पाठ करतात. पाठ केलेले उत्तर पहिल्याच उपप्रश्नाला गळून पडते, हा भाग वेगळा.

प्रथम अडाणी रीत पाहू. पहिल्या यादीतले एक नाव घ्यावे आणि दुसरी यादी वरपासून खालपर्यंत धुंडाळावी. सापडले नाही तर पुढचे नाव घ्यावे आणि पुन्हा वरपासून सुरुवात करावी. एका मतदान केंद्राच्या यादीत बाराशे नावे धरली, तर अशा दोन याद्या जुळवायला जास्तीत जास्त बाराशे गुणिले बाराशे, म्हणजे चौदा लाख चाळीस हजार वेळा नावाला नाव लावून पाहावे लागेल. एवढे कष्ट पडतात, कारण यादी विस्कळीत आहे आणि नाव कुठेही दडलेले असू शकते.

आता दोन्ही याद्या अकारविल्ह्याने लावून घ्या. आपण उदाहरणापुरती आडनावेच घेऊ. पहिली यादी : कांबळे, खरात, जाधव, भालेराव, वाघमारे. दुसरी यादी : गायकवाड, घोडके, जाधव, साळवे. डाव्या हाताचे बोट पहिल्या यादीच्या पहिल्या नावावर ठेवा, उजव्या हाताचे दुसऱ्या यादीच्या पहिल्या नावावर. डावीकडे कांबळे, उजवीकडे गायकवाड. वर्णमालेत कांबळे आधी येतो. मग कांबळे दुसऱ्या यादीत असू शकेल काय? शक्यच नाही. कारण दुसऱ्या यादीत गायकवाड सर्वांत आधीचा आहे आणि त्याच्या खालचे सगळे त्याच्याही नंतरचे आहेत. म्हणून कांबळेचा विचार कायमचा संपला. डावे बोट खाली, खरातवर. खरातही गायकवाडच्या आधीचा, तोही गेला. डावे बोट जाधववर. आता गायकवाड आधीचा ठरतो, म्हणून उजवे बोट खाली, घोडकेवर. तोही जाधवच्या आधीचा, म्हणून पुन्हा खाली. आता डावीकडे जाधव, उजवीकडेही जाधव. सापडला. पाच वेळा पाहण्यात काम झाले. अडाणी रीतीने इथवर पोहोचायला अकरा वेळा पाहावे लागले असते.

सगळी युक्ती एवढीच आहे. जे आधीचे त्यावरचे बोट खाली सरकवायचे, सारखे दिसले की थांबायचे, एक यादी संपली की ‘समाईक काही नाही’ असे सांगायचे. कोणतेही बोट कधीही वर परत जात नाही. म्हणून बाराशे-बाराशे नावांच्या दोन याद्यांना जास्तीत जास्त २,३९९ वेळा पाहणे पुरते. चौदा लाखांच्या ठिकाणी चोवीसशेसुद्धा नाही!

यावर कोणी म्हणेल, याद्या आधी क्रमाने लावायचे कष्ट कुठे गेले? आम्ही वारज्यातल्या मुलांपुढे ही रीत मांडली तेव्हा पहिला प्रश्न हाच आला, आणि तो बिनतोड आहे. छापील मतदारयादी अकारविल्ह्याने नसते, ती घरक्रमांकाच्या मागोमाग लावलेली असते, म्हणून ती लावून घ्यावीच लागते. परंतु बाराशे नावे क्रमाने लावायला चांगल्या रीतीने सुमारे बारा हजार तुलना लागतात. दोन याद्यांच्या चोवीस हजार आणि वरच्या चोवीसशे मिळून सत्तावीस हजारांच्या आत सगळे आटोपते. शिवाय यादी एकदा लावून ठेवली की ती दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या यादीशी जुळवायला पुन्हा लावावी लागत नाही. गहू एकदा निवडून ठेवला की रोज निवडावा लागत नाही, तसेच हे.

ही रीत संगणकापेक्षाही जुनी आहे. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात कामगारांच्या सामाजिक सुरक्षेची योजना सुरू झाली, तेव्हा कोट्यवधी लोकांची भोके पाडलेली कार्डे सांभाळायची वेळ आली. त्या कामासाठी आय.बी.एम. कंपनीने १९३७ साली एक यंत्र आणले. त्यात कार्डांच्या दोन थप्प्या क्रमाने लावून ठेवायच्या. यंत्र दोन्ही थप्प्यांच्या वरच्या कार्डांची तुलना करी, जुळणारी कार्डे वेगळी काढी, किंवा दोन थप्प्यांची मिळून एक थप्पी करी. आपली दोन बोटे, फक्त विजेवर चालणारी. पुढे १९७० नंतरच्या दशकात युनिक्स नावाच्या प्रणालीत ‘कॉम’ नावाची एक छोटी आज्ञा आली. तिला दोन याद्या द्याव्यात. ती पहिलीतच असलेले, दुसरीतच असलेले आणि दोन्हींत असलेले, असे तीन रकाने काढून देते. ती आज्ञा आजही वापरात आहे. तिची अट एकच, याद्या क्रमाने लावलेल्या हव्यात. तिच्या आजच्या प्रचलित अवतारात तर याद्या तशा नसल्या तर ती तक्रार करते.

इथपर्यंत सगळे गोड आहे. आता मुद्द्याची गोष्ट.

‘क्रमाने लावलेली’ म्हणजे कोणत्या क्रमाने? आपण शाळेत मुळाक्षरे शिकलो ती आठवा. य, र, ल, व, श, ष, स, ह, आणि मग ळ, क्ष, ज्ञ. मराठीत ‘ळ’ शेवटाकडे येतो. संगणकाच्या पोटात मात्र प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो, आणि त्या क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर बसवलेला आहे, ‘व’च्या आधी. असे का झाले? भारतीय लिप्यांसाठी जी सांकेतिक व्यवस्था १९८० नंतरच्या दशकात तयार झाली आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली, तिच्यात सर्व भाषांच्या सारख्या अक्षरांना एकच जागा द्यायची होती. कन्नड, तेलुगू, मराठी, हिंदी सगळ्यांना एकच चौकट. पुढे जगभर चाललेल्या युनिकोडने देवनागरीसाठी तीच मांडणी घेतली. आपल्या पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनेही भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम त्या काळात केले. एका चौकटीचा फायदा झालाच, परंतु ती चौकट म्हणजे मराठीची अकारविल्हे नव्हे.

याने काय बिघडते ते पाहा. एका कार्यालयात मराठी मुळाक्षरांच्या नियमाने यादी लावली : कावळे, खरात. दुसऱ्या कार्यालयात संगणकाने नुसत्या क्रमांकाने लावली : काळे, कावळे. ‘ळ’चा क्रमांक ‘व’च्या आधी, म्हणून तिथे काळे वर गेला. आता मराठी नियमाने दोन बोटे चालवा. डावीकडे कावळे, उजवीकडे काळे. मराठी नियमाने कावळे आधीचा, म्हणून डावे बोट खाली, खरातवर. खरात आणि काळे यांत काळे आधीचा, म्हणून उजवे बोट खाली, कावळेवर. खरात आणि कावळे यांत कावळे आधीचा, पुन्हा उजवे बोट खाली. यादी संपली. निकाल : समाईक कोणी नाही. आणि कावळे तर दोन्हीकडे बसलेला आहे!

दोन बोटांची रीत इथे चुकलेली नाही. दोन्ही याद्याही आपापल्या जागी बिनचूक लावलेल्या आहेत. चूक आहे ती दोन वेगळ्या नियमांनी लावलेल्या याद्या एकमेकींना भिडवण्यात. आणि सर्वांत वाईट म्हणजे यंत्र कसलीही कुरकुर न करता छातीठोकपणे ‘नाही’ असे सांगते. ‘क्ष’चेही तसेच. शाळेच्या नियमाने क्षीरसागर यादीच्या अगदी तळाशी जाईल, संगणकाच्या क्रमांकाने तो ‘क’च्या नावांच्या शेवटी आणि ‘ख’च्या वर बसेल, कारण यंत्राला ‘क्ष’ हे ‘क’, हलन्त आणि ‘ष’ असे तीन तुकडे दिसतात. सी प्लस प्लस किंवा जावा शिकणाऱ्या मुलामुलींनी हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे : याद्या ज्या नियमाने लावल्या त्याच नियमाने तुलना झाली पाहिजे. पुस्तकांत ही अट एका ओळीत येते आणि मुले ती ओलांडून पुढे जातात. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांत तिचा चटका फारसा बसत नाही. मराठीत बसतो.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. यंत्र ‘सारखे’ कशाला म्हणते? ते अक्षराला अक्षर लावून पाहते. ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ त्याला दोन वेगळ्या बायका वाटतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कांबळेच्या मधे एक ‘ए’ घातला की झाला वेगळा माणूस. म्हणजे खरोखर दुबार असलेला सुटतो. उलट आपल्यात आडनावे मोजकी, मुलांना ठेवायची नावेही पिढीपिढीत ठरावीक. एकाच वस्तीत एकाच नावाचे, बापाचेही नाव तेच असलेले दोन तरुण निघणे नवलाचे नाही. यंत्र त्यांना एकच समजते आणि दोघांच्या नावापुढे तारे येतात. नुसत्या नावावर जुळवले तर दोन्ही बाजूंनी अन्याय होतो, आणि तो ज्यांची नावे सर्वसाधारण आहेत अशा कष्टकऱ्यांच्या वाट्याला अधिक येतो. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी मताधिकार मूठभरांपुरता राहू नये असा आग्रह धरला होता. आता अनुच्छेद ३२६ ने तो प्रत्येक प्रौढाला दिलेला आहे. त्यावर एका अक्षराच्या जुळणीने सावट यावे, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मग नावाऐवजी क्रमांकावर जुळवावे काय? मतदार ओळखपत्रे १९९३ पासून सुरू झाली आणि प्रत्येक कार्डावर वेगळा क्रमांक असावा अशी योजना होती. क्रमांक जुळवणे केव्हाही सोपे. त्यात ऱ्हस्व-दीर्घ नाही, ‘ळ’ नाही. एक छोटी सोयही आहे. एका यादीतला शेवटचा क्रमांक दुसरीतल्या पहिल्या क्रमांकाच्या आधीचा असेल, तर एका नजरेत कळते की समाईक काही नाही. बोटे चालवायचीसुद्धा गरज नाही. परंतु २०२५ मध्ये उघड झाले, की वेगवेगळ्या राज्यांतल्या वेगवेगळ्या माणसांना एकच क्रमांक दिला गेलेला आहे. पूर्वी राज्ये आपापल्या ठिकाणी क्रमांक देत होती, त्यातून हे घडले. भारत निवडणूक आयोगाने त्या वर्षीच्या मार्च महिन्यात हे तीन महिन्यांत दुरुस्त करू असे जाहीर केले. शिवाय गावी एक कार्ड आणि इथे दुसरे काढलेल्या माणसाचे क्रमांक दोन असतात, ते एकमेकांशी जुळणारच नाहीत. तेव्हा जुळलेले नाव हा संशय समजावा, पुरावा समजू नये. आयोगानेही तारे ‘संभाव्य’ दुबारांपुढेच लावायचे ठरवले आणि पुढची पडताळणी माणसाकडे ठेवली, ती योग्यच म्हणावी लागेल.

हे झाले सरकारी यादीचे. घरच्या कामातही ही रीत उपयोगी आहे. महिला बचत गटात एका बाईने एकाच वेळी दोन गटांत सभासद असू नये, असा दंडक असतो. दोन गटांच्या सभासदांची नावे क्रमाने लिहून काढली की दोन बोटांनी पाच मिनिटांत उलगडा होतो. लग्नघरी दोन्ही बाजूंच्या पत्रिकांची यादी जुळवायची असेल तरीही हेच करावे, पत्रिका वाया जात नाहीत. मात्र एक यादी अगदी लहान आणि दुसरी मोठी असेल तर दोन बोटांचा हट्ट धरू नये. पाच नावे बाराशेंच्या यादीत शोधायची असतील तर शब्दकोशात शब्द शोधतो तसे करावे. मधोमध उघडावे, हवे ते वर की खाली हे पाहावे, अर्धी यादी सोडून द्यावी, उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावे. एका नावाला अकरा वेळा पाहणे पुरते, पाच नावांना पंचावन्न.

पायथन शिकणारी मुले म्हणतील, आम्हाला हे काहीच करावे लागत नाही, संच करून एक शब्द लिहिला की उत्तर येते. खरे आहे. तिथे यंत्र क्रम लावत नाही, टपाल कार्यालयातल्या खणांसारखे प्रत्येक नाव ठरावीक खणात टाकते आणि तोच खण पाहते. याद्या यंत्राच्या स्मरणात मावतात तोवर हे वेगवान आहे. मावेनाशा झाल्या की क्रमाने लावलेल्या याद्या आणि दोन बोटे पुन्हा कामाला येतात, कारण त्यांना एका वेळी दोनच नावे डोळ्यांपुढे लागतात. आणि ‘सारखे म्हणजे काय’ हा प्रश्न खणातही सुटत नाही. ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ तिथेही वेगळ्याच गणल्या जातात.

वारज्यातल्या वाचकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. आपला भाग १९९७ साली महानगरपालिकेत आला. विधानसभेला आपण खडकवासला मतदारसंघात मोडतो. महापालिकेच्या निवडणुकीची यादी ही विधानसभेच्या यादीवरूनच फोडलेली असते. राज्य निवडणूक आयोग त्यात स्वतः नाव घालत नाही की काढत नाही. म्हणून दुरुस्ती करायची ती विधानसभेच्या यादीत. गावाहून इथे राहायला आला असाल तर नमुना ८ भरावा. २०२२ पासून स्थलांतरासाठी तोच आहे. नमुना ६ नवीन मतदारासाठी आहे. त्यात आपले नाव आधी कुठेही नाही असे लिहून द्यावे लागते, आणि खोटे लिहून देणाऱ्याला १९५० च्या कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘सही करा, बाकी आम्ही भरतो’ म्हणणाऱ्याच्या हाती कोरा अर्ज देऊ नये. आणि गल्लीत आपल्याच नावाचा दुसरा कोणी असेल व नावापुढे तारे आले असतील, तर घाबरून घरी बसू नये. फोटो आणि पत्त्याचा कागद घेऊन अधिकाऱ्यापुढे जावे.

मुलांसाठी एक गणित देऊन ठेवतो. तीन याद्या आहेत, तिन्ही एकाच नियमाने लावलेल्या. तिन्हींत असलेले एखादे नाव आहे का, हे शोधायचे आहे. शेजारच्या मित्राचे एक बोट उसने घ्या. आता कोणते बोट खाली सरकवायचे, आणि कधी थांबायचे? वर दिलेल्या आडनावांतूनच एक तिसरी यादी बनवा आणि कागदावर करून पाहा.